हृद्रोग, अर्जुन आणि संशोधनातील आकडे

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. थंडीचे दिवस होते. यावल तालुक्यातील एक केळी उत्पादक शेतकरी, वय पन्नाशीच्या पुढे, सायंकाळी माझ्या चिकित्सालयात आले. आदल्या रात्री मळ्यात भरीत पार्टी झालेली. सकाळपासून छातीच्या खाली जळजळ, आंबट-कडू ढेकर, मळमळ आणि अंगाला घाम. मी अम्लपित्त असे निदान करून अविपत्तिकर चूर्ण व सूतशेखर दिले आणि पथ्य सांगितले. दुसऱ्या दिवशी दुपारी जळगावला त्यांचा ईसीजी निघाला, तेव्हा हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका येऊन गेल्याचे दिसले. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध देण्याची वेळ टळून गेली होती. रुग्ण वाचला, परंतु इको तपासणीत ईएफ ३५ टक्के राहिला. डिसेंबरच्या थंडीत माणसाला घाम का यावा, हा प्रश्न त्या सायंकाळी मला पडावयास हवा होता.

या चुकीचा दोष शास्त्राकडे जात नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सतराव्या अध्यायात पाच प्रकारचे हृद्रोग वर्णिले आहेत. त्यांतील पित्तज हृद्रोगाच्या लक्षणांत हृदयदाह, तोंडाची कडवट चव, कडू-आंबट उद्गार, तृष्णा, मूर्च्छा व स्वेद यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे ज्या लक्षणसमूहाला आपण सवयीने अम्लपित्त म्हणतो, तो हृद्रोगाचाही असू शकतो हे आपल्या ग्रंथांत लिहिलेलेच आहे. आपण तो अध्याय परीक्षेपुरता पाठ केला, एवढेच.

म्हणून माझ्याकडे आता एक नियम आहे. चाळिशीपुढील रुग्ण, त्यातही मधुमेही किंवा तंबाखू-विडीचे व्यसन असलेला, नाभी ते हनुवटी या भागातील कोणतीही नवी वेदना, दाह किंवा दम घेऊन आला, तर आधी ईसीजी, मग नाडी. पहिला ईसीजी प्राकृत आला म्हणून निश्चिंत राहू नये. काही वेळाने तो पुन्हा काढावा लागतो व ट्रोपोनिन तपासावे लागते. मधुमेही रुग्णात वेदना नसतेच असेही घडते. केवळ थकवा आणि दम असतो. गुठळी विरघळविणाऱ्या औषधाचा उपयोग साधारणतः पहिल्या १२ तासांत होतो व पहिल्या तीन तासांत तो सर्वाधिक असतो. चोपडा, शिरपूर, साक्रीकडील खेड्यांतून जळगाव किंवा धुळे गाठण्यातच त्यांतील किती वेळ जातो, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. चूर्णाची एक पुडी देऊन रात्र काढावयास सांगणे या हिशेबात बसत नाही.

पुढे हेच गृहस्थ माझ्याकडे अर्जुनाच्या सालीसाठी येऊ लागले. एका आप्ताने त्यांना सांगितले की, अर्जुन घेतल्यावर त्या गोळ्यांची गरज नाही. त्यांनी मला न विचारता तीन आठवडे सर्व गोळ्या बंद ठेवल्या आणि पायांवर सूज, रात्री झोपेतून उठविणारा दम अशा अवस्थेत परत आले. तेव्हापासून अर्जुनावरील मूळ संशोधन मी बारकाईने वाचू लागलो.

आपल्याला सर्वांत जवळचे संशोधन इंदूरचे, म्हणजे धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने सरळ पुढे. तेथील डॉ. भरानी व सहकाऱ्यांचा अभ्यास १९९५ मध्ये ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ कार्डिऑलॉजी’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रुग्ण होते अवघे १२, मात्र सर्वच गंभीर अवस्थेतील, नेहमीच्या चिकित्सेला दाद न देणारे. अर्जुन सालीचा अर्क ५०० मिलिग्रॅम दर आठ तासांनी दोन आठवडे, मधे विश्रांतीचे दोन आठवडे आणि तसेच दोन आठवडे निष्क्रिय औषध, अशी रचना होती. कोणते औषध चालू आहे हे रुग्णाला व वैद्याला माहीत नव्हते. निष्क्रिय औषधाच्या काळात सरासरी ईएफ सुमारे ३० टक्के, तर अर्जुनाच्या काळात सुमारे ३५ टक्के आढळला. नंतर सरासरी २४ महिने अर्जुन चालू ठेवले असता रुग्णांची सुधारणा टिकली. या अभ्यासाचा दाखला देताना आपल्याकडे एक गोष्ट बहुधा गाळली जाते. अर्जुन हे डिजिटॅलिस, मूत्रल व रक्तवाहिनी प्रसरण करणाऱ्या औषधांच्या जोडीला दिलेले होते; ती औषधे कोणाचीही बंद केलेली नव्हती.

त्याच गटाने २००२ मध्ये ‘इंडियन हार्ट जर्नल’मध्ये श्रमजन्य हृच्छूलाच्या ५८ पुरुष रुग्णांवरील अभ्यास दिला. अर्जुन, आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट व निष्क्रिय औषध प्रत्येकी एक आठवडा दिले गेले. वेदनेचे प्रसंग कमी होणे व ट्रेडमिलवरील क्षमता वाढणे या बाबतींत अर्जुन निष्क्रिय औषधापेक्षा सरस आणि मोनोनायट्रेटच्या तोडीचे ठरले. निष्कर्ष आनंददायक आहे. मात्र कालावधी एका आठवड्याचा. झटका टळतो की नाही, आयुष्य वाढते की नाही, हे एका आठवड्यात कळत नाही.

आता दुसरी बाजू. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. मौलिक व सहकाऱ्यांनी १०० रुग्णांत अर्जुन सालीचा जलीय अर्क ७५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १२ आठवडे दिला. हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. येथेही प्रचलित चिकित्सा चालूच होती. ईएफमध्ये फरक पडला नाही. काही रुग्णांची श्रमक्षमता व जीवनमान मात्र सुधारले. आपल्या व्याख्यानांत इंदूरचे १२ रुग्ण नेहमी असतात, दिल्लीचे १०० क्वचितच. हे मला योग्य वाटत नाही.

असे मोजमाप आयुर्वेदाला मानवत नाही, असे काही ज्येष्ठ वैद्य म्हणतात. त्यांनी मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचे काम आठवावे. सर्पगंधेच्या मुळाचा रक्तदाबावरील परिणाम त्यांनी ५० रुग्णांत नोंदवून १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला आणि त्यानंतर ही वनस्पती जगभर गेली. पुढे तिच्यातील रिसर्पीनचे दुष्परिणाम, विशेषतः मनाचे औदासीन्य, लक्षात आले तेही रुग्णांच्या काळजीपूर्वक नोंदींमुळेच. गुग्गुळाबाबतही एक नोंद उपयोगी आहे. गुगुलिपिडासोबत घेतल्यास प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम यांची रक्तातील मात्रा घटते, असे १९९४ मध्ये मुंबईच्या संशोधकांना निरोगी व्यक्तींत आढळले. संधिवातासाठी गुग्गुळकल्प लिहिताना रुग्ण हृदयाची कोणती गोळी घेतो, हे विचारण्यास अर्धा मिनिट पुरतो.

औषधालयाच्या मालकांसाठी थोडे सविस्तर. वरील सर्व अभ्यासांत अर्क वापरला आहे. ५०० मिलिग्रॅम अर्क म्हणजे ५०० मिलिग्रॅम चूर्ण नव्हे. बाजारातील ‘अर्जुन कॅप्सूल’ घनसत्त्वाची आहे की चूर्णाची, हे लेबल वाचूनच कळते. क्षीरपाकासाठी सालीचे भरड चूर्ण ३ ते ६ ग्रॅम वापरावे. ज्यांना सूज आहे व पाणी मोजून प्यावयास सांगितले आहे, त्यांच्या हिशेबात क्षीरपाकाचे दूधही धरावे. अर्जुनारिष्टात गूळ व संधानजन्य मद्य असते. मधुमेही हृद्रोग्याला ते ‘टॉनिक’ म्हणून काउंटरवरून देऊ नये.

आणि साल. अर्जुनसादडा नदी-नाल्यांच्या काठी वाढतो व त्याची साल बाहेरून गुळगुळीत, पांढुरकी-राखाडी, आतून गुलाबी-तांबूस असते. ऐनाची साल खडबडीत, खोल भेगांची, मगरीच्या पाठीसारखी. दोघे एकाच कुळातील असल्याने भुकटी झाल्यावर डोळ्यांनी फरक कळत नाही. मी भुकटी घेणे बंद केले आहे. अखंड साल मागवतो, तुकडा मोडून आतला रंग पाहतो आणि मगच कुटावयास देतो. पोत्यावर गोळा केल्याचे ठिकाण व महिना लिहून घेतो.

ते केळी उत्पादक गृहस्थ आजही दर महिन्याला साल न्यावयास येतात. वजन, पायावरील सूज आणि नाडी पाहून झाल्यावर मी त्यांच्या गोळ्यांची पाकिटे टेबलावर ओतावयास सांगतो व उरलेल्या मोजतो. त्यांना याचा थोडा राग येतो.