बक्षिसाने आवड कमी होते का?

वर्गात मी एखादा अभ्यासक्रमाबाहेरचा प्रयोग दाखवू लागलो, की हमखास प्रश्न येतो, "सर, हे परीक्षेला आहे का?" 'नाही' म्हटले, की वह्या मिटतात. क्षणापूर्वी प्रयोगाकडे टक लावून पाहणारी मुलेही मान फिरवतात. असे का व्हावे?

माणूस एखादी गोष्ट का करतो, याचा विचार मानसशास्त्रात 'प्रेरणा' या विषयात होतो. भूक, तहान किंवा बक्षीस-शिक्षा यांचा रेटा असल्याशिवाय प्राणी काही करीत नाही, असे पूर्वी अनेक शास्त्रज्ञ मानीत. अमेरिकेतील हॅरी हार्लो यांनी माकडांना खीळ, आकडा आणि कोयंडा असलेले एक कोडे दिले. खाऊचे आमिष नसतानाही माकडे ते पुन्हा पुन्हा सोडवीत बसली! हा प्रयोग १९५० साली प्रसिद्ध झाला. करण्यातच आनंद वाटणे, हीच 'आंतरिक प्रेरणा'.

मग तिला बक्षिसाची जोड दिली तर? १९७३ साली लेपर, ग्रीन व निसबेट यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत हे तपासले. चित्रे काढण्याची आवड असलेल्या मुलांचे त्यांनी तीन गट केले. पहिल्या गटाला 'चित्र काढा, प्रशस्तिपत्र मिळेल' असे आधीच सांगितले. दुसऱ्याला ते अचानक दिले. तिसऱ्याला काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात पाहिले, तेव्हा पहिल्या गटातील मुले इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रे काढीत होती!

कारण काय? 'मी हे का करतो?' याचे उत्तर आपण नकळत आपल्या वागण्यावरून शोधतो. बक्षीस ठरलेले असले, की 'बक्षिसासाठी' हे उत्तर आयते मिळते. मग बक्षीस संपले, की कामही संपते. दुसऱ्या गटाची आवड मात्र टिकली, कारण काम करताना त्यांच्या मनात बक्षीस नव्हतेच.

म्हणजे बक्षिसे वाईट असे नव्हे. मुळात कंटाळवाणे काम सुरू करायला त्यांचा उपयोग होतो. पण जे तुम्हांला मनापासून आवडते, त्याला गुणांच्या तराजूत घालताना जपा.

आता एक दोरा, एक दगड आणि घड्याळ घ्या. दोऱ्याची लांबी चौपट केली, तर दगडाच्या एका झोक्याला किती पट वेळ लागतो? करून पाहा. हे परीक्षेला नाही!