विकेंद्रित विदा साठवण

विकेंद्रित विदा साठवण ही माहिती एकाच संस्थेच्या सर्व्हरवर न ठेवता अनेक स्वतंत्र संगणकांवर ठेवण्याची पद्धत आहे. एक संगणक बंद पडला तरी इतरांकडील प्रतींमुळे माहिती उपलब्ध राहते.

कार्यपद्धती

हुआन बेनेट यांनी रचलेल्या व २०१५ साली खुल्या झालेल्या आयपीएफएस प्रणालीत फाइलचा पत्ता तिच्या ठिकाणावरून नव्हे, तर मजकुरावरून काढलेल्या 'हॅश' या सांकेतिक ठशावरून ठरतो. मजकुरातील एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो व फेरफार उघड होतो.

महाराष्ट्रातील वापर

२०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे सुमारे ६५,००० जातप्रमाणपत्रांची नोंद पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर करण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला. बनावट दाखल्यांमुळे शिक्षण व नोकरीतील राखीव जागांवरील खऱ्या लाभार्थ्यांचा हक्क हिरावला जातो. अशा नोंदीशी ताडून दाखल्याची सत्यता तपासता येते.

मर्यादा

दाखला देतानाच चुकीची माहिती भरली गेली असेल, तर ती ब्लॉकचेनला ओळखता येत नाही. आयपीएफएसवरील फाइल जतन करणारा एकही संगणक उरला नाही, तर तीही नाहीशी होते. त्यामुळे विकेंद्रित साठवणीतही माहिती जपण्याची जबाबदारी कोणीतरी स्वीकारावीच लागते.