पहिला तास कोणाचा?

१३ नोव्हेंबर २०२१, शनिवार. केंद्रीय गृह मंत्रालयाने त्या दिवशी एक निवेदन काढलं. त्रिपुरात गोमती जिल्ह्यातल्या काकराबन भागात मशिदीचं नुकसान झाल्याच्या बातम्या खोट्या आहेत, लोकांनी शांतता राखावी, असा त्याचा आशय होता. पण त्रिपुरातल्या घटनांच्या निषेधाचे मोर्चे अमरावती, नांदेड आणि मालेगावात आदल्याच दिवशी निघून गेले होते आणि अमरावतीत दुकानांवर दगडही पडले होते. शनिवारी त्याच्या विरोधात भाजपने बंद पुकारला. राजकमल चौकाच्या परिसरात जमाव उतरला, पुन्हा दगडफेक आणि तोडफोड झाली. शहरात संचारबंदी लागली, इंटरनेटही बंद झालं. म्हणजे ज्या दिवशी दिल्लीहून खुलासा निघाला, त्याच दिवशी तो मोबाइलवर वाचायचं साधन अमरावतीकरांच्या हातून गेलं. अफवा तर आधीच घरोघर पोचलेली होती.

त्रिपुरात हिंसाचार झाला होता, हे खरं आहे. त्याबरोबर खोट्या गोष्टीही फिरत होत्या. खरं किती आणि खोटं किती, हे वेगळं करून सांगणारा आवाज अमरावतीच्या इतवारा बाजारात आणि गांधी चौकात शुक्रवार उजाडायच्या आत पोचायला हवा होता. दंगलीत दोषी कोण, हे न्यायालय ठरवील. मला विचारायचं आहे ते त्या आवाजाबद्दल.

पुढच्याच वर्षी अमरावतीवर आणखी कठीण प्रसंग आला. २१ जून २०२२ च्या रात्री दुकान बंद करून घरी निघालेल्या एका औषध व्यावसायिकाची चाकूने हत्या झाली. सुरुवातीला लुटीच्या अंगाने तपास असल्याचं सांगितलं गेलं. २८ जूनला उदयपूरला अशाच एका पोस्टवरून शिंपीकाम करणाऱ्या माणसाची हत्या झाली, देश हादरला. मग २ जुलैला अमरावती पोलिसांनी जाहीर केलं, की इथल्या हत्येचा संबंधही समाजमाध्यमावरच्या पोस्टशी दिसतो. त्याच दिवशी केंद्राने तपास एनआयएकडे सोपवला. प्रकरण अतिशय संवेदनशील होतं म्हणून आधी बोललो नाही, असं पोलिसांचं म्हणणं होतं.

हे कारण मी उडवून लावणार नाही. सात महिन्यांपूर्वीच ज्या शहरात संचारबंदी लागली होती, तिथे अशी गोष्ट जाहीर करताना कोणत्याही अधिकाऱ्याची जीभ जड होईल. तपासाचीही गुप्तता असते. पण ‘हेतू अजून स्पष्ट नाही, सर्व शक्यता तपासत आहोत’ एवढं वाक्य तरी पहिल्या दिवसापासून ठामपणे बोलता आलं असतं. उशिरा कळलेलं खरं लोकांना लपवलेलं वाटतं. तसंच झालं. पोलिसांनी दडपलं, हा आरोप शहरात पसरला आणि राजकारणाने तो उचलून धरला.

अकोल्यात १३ मे २०२३ ला एका इन्स्टाग्राम पोस्टवरून जुन्या शहरात दगडफेक, जाळपोळ झाली. एकाचा जीव गेला. जमावबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. त्या वेळी गृहमंत्री असलेले देवेंद्र फडणवीस अकोल्याचे पालकमंत्रीही होते आणि अमरावतीचेही. नागपूर, वर्धा, भंडारा, गडचिरोली हे जिल्हेसुद्धा त्यांच्याकडेच होते. सहा जिल्ह्यांचा पालकमंत्री अकोल्याच्या हरिहरपेठेत दंगलीच्या पहिल्या तासाला हजर राहू शकत नाही, मग तो कितीही कार्यक्षम असो. म्हणून बोलायचा अधिकार आधीच जिल्हाधिकाऱ्याला आणि पोलीस अधीक्षकाला देऊन ठेवला पाहिजे. मुंबईहून परवानगी येईपर्यंत थांबणारं निवेदन निम्मं मेलेलं असतं.

अकोल्याच्या याच प्रकरणात सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांवर ताशेरे ओढले. हल्ला झालेल्या आणि खून डोळ्यांनी पाहिल्याचं सांगणाऱ्या एका अल्पवयीन मुलाची तक्रार नोंदवली गेली नव्हती. हिंदू आणि मुस्लिम अशा दोन्ही समाजांतल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांचं विशेष तपास पथक नेमा, असा तो आदेश होता. पथकाच्या या रचनेवरून पुढे वाद झाला. मला त्यातला एकच भाग इथे हवा आहे. ज्या ठाण्यात आपली तक्रार घेतली जात नाही, त्या ठाण्याच्या भोंग्यावरचं शांततेचं आवाहन माणूस कोणत्या कानाने ऐकेल?

लोक बिथरतील म्हणून खरं सांगू नये, ही समजूत आपल्या प्रशासनात खोल रुजलेली आहे. तिच्या बाजूचं सगळ्यांत मोठं उदाहरण मुंबईचं. १२ मार्च १९९३ ला मुंबईत बारा स्फोट झाले, २५७ माणसं गेली. मुख्यमंत्री शरद पवारांनी दूरदर्शनवर जाऊन तेरा स्फोट सांगितले. तेरावं ठिकाण मशीद बंदर. तिथे स्फोट झालाच नव्हता. एकाच समाजावर हल्ला झाला असं वाटून दंगल पेटू नये म्हणून आपण हे केलं, असं त्यांनी स्वतःच पुढे उघडपणे सांगितलं आहे. डिसेंबर-जानेवारीच्या दंगलींनी होरपळलेलं शहर समोर असताना घेतलेला तो निर्णय मला समजतो. तो नियम म्हणून मला मान्य नाही. तेव्हा खाजगी वृत्तवाहिन्यांचा पसारा नव्हता, खिशात कॅमेरा नव्हता. आज मशीद बंदरचा कोणीही पोरगा दोन मिनिटांत थेट प्रक्षेपण करून ‘इथे काही झालं नाही’ असं दाखवील, आणि त्यानंतर मुख्यमंत्र्याचं खरं बोलणंही कोणी ऐकणार नाही.

उलट टोकाचं उदाहरण राज्याचे माजी गृहमंत्री आर. आर. पाटील यांचं. मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्यानंतर, हल्लेखोरांचा बेत पाच हजार माणसं मारायचा होता, नुकसान आपण कमी केलं, हे सांगण्याच्या ओघात मोठ्या शहरांत अशा लहान घटना होत असतात, अशा अर्थाचं हिंदी वाक्य ते बोलून गेले. १६६ माणसं गेलेली होती. १ डिसेंबर २००८ ला त्यांना गृहमंत्रिपद सोडावं लागलं. त्या वाक्यात एक सत्य होतं. कोणतीही पोलीस यंत्रणा प्रत्येक हल्ला रोखू शकत नाही. पण हे सत्य प्रेतं उचलली जात असताना सांगितलं, की ते पळवाट ठरतं. ते घटनेच्या आधी सांगायचं असतं, शांत दिवसांत, तयारीच्या बोलण्याबरोबर. आपल्याकडे बरोबर उलटं चालतं. एरवी ‘परिस्थिती नियंत्रणात आहे’, घटना घडली की ‘एकालाही सोडणार नाही’ आणि ‘पुन्हा असं होऊ देणार नाही’. हे शेवटचं वचन तर कोणीच देऊ नये, कारण ते पाळणं कोणाच्याच हातात नाही.

लंडनचे पोलीस आयुक्त जॉन स्टीव्हन्स यांनी मार्च २००४ मध्ये लोकांना स्पष्ट सांगितलं होतं, की शहरावर हल्ला अटळ आहे. ७ जुलै २००५ ला तो झाला, ५२ प्रवासी मेले. दुःख झालंच, पण आपल्याला अंधारात ठेवलं असं म्हणायला फारशी जागा नव्हती. याच लंडनमध्ये पंधरा दिवसांनी पोलिसांनी एका निरपराध ब्राझिली तरुणाला संशयावरून गोळ्या घातल्या आणि त्याच्याबद्दल सुरुवातीला चुकीची माहिती बाहेर आली. तो डाग वर्षानुवर्षं धुतला गेला नाही.

अमेरिकेने २००२ मध्ये दहशतवादाच्या धोक्याचे पाच रंग ठरवले. खालचे दोन, हिरवा आणि निळा, देशासाठी कधी लागलेच नाहीत. रंग बदलला की नागरिकाने काय करायचं, हे त्यातून स्पष्ट होत नसे. २०११ मध्ये ती पद्धत बंद केली. आपलं ‘सतर्क राहा, अफवांवर विश्वास ठेवू नका’ त्याच जातीचं आहे. कोणती अफवा? मग खरं काय? हे सांगितलं नाही, तर त्या वाक्याने भीती तेवढी वाढते. स्वीडनने नोव्हेंबर २०२४ पासून पन्नास लाखांहून अधिक घरांत एक पुस्तिका वाटली. युद्ध किंवा संकट आलं तर पाणी, अन्न, ऊब, बातमी कशी मिळवायची, हे साध्या भाषेत लिहिलं, आणि आपण शरण जाणार अशी कोणतीही बातमी खोटी समजावी, हेही आधीच सांगून ठेवलं.

आपल्याकडे ७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला. महाराष्ट्राच्या यादीत आमच्या सगळ्यांत जवळचं गाव भुसावळ, अमरावती-अकोला नव्हते. त्याच आठवड्यात, पाकिस्तानशी संघर्ष चालू असताना, वाहिन्यांवर कराची बंदर उद्ध्वस्त झाल्यासारख्या खोट्या बातम्या रात्रभर चालल्या. त्या गोंधळात परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री, कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंह यांच्या पत्रकार परिषदा लोकांना टेकायला भिंत झाल्या. आवाज न चढवता, माहीत तेवढंच ते सांगत होते.

तसं बोलणं आम्हाला जमत नाही असं नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये कोरोनाची दुसरी लाट महाराष्ट्रात आधी अमरावती-अकोल्याकडे दिसली. तेव्हा रुग्ण किती, मृत्यू किती, हे जिल्हा प्रशासन रोज सांगत होतं. आकडे भयंकर होते, तरी लोक ते वाचत, आपसांत बोलत आणि दुकानं किती वाजता बंद होणार ते पाहून बाजार करत. वाईट बातमी रोज ऐकूनही अमरावती शहर वेडंपिसं झालं नाही. तोच जिल्हा त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मात्र खऱ्या माहितीसाठी एकमेकांना फोन लावत बसला.

या भागाला बोलण्याची मोठी परंपरा आहे. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा कीर्तनात उपदेशाची टाकी डोक्यावर ओतत नसत. ते प्रश्न विचारत, समोरची हजारो माणसं उत्तर देत, आणि बोलता बोलता ती स्वतःच निष्कर्षाला येत. समोरचा अडाणी असेल, पण त्याला समजतं, हा भरवसा त्या कीर्तनाच्या मुळाशी होता. नेमका तोच भरवसा आजच्या सरकारी निवेदनात सापडत नाही.

भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून तो भरवसा पोलीस खात्यात आणला. १९७० आणि १९८४ ला जळालेल्या त्या गावात त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं त्यांत घेतली आणि दंगल नसताना वर्षभर बैठका घेतल्या. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. आमच्याकडे शांतता समितीची बैठक गणपती, मोहरम किंवा अकोल्याच्या कावड यात्रेच्या तोंडावर होते. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन भाविक राजराजेश्वराकडे निघतात, तेव्हा मिरवणुकीचा मार्ग आणि वेळ ठरते, चहा होतो, फोटो छापून येतो. अफवा उठली तर कोणाला विचारायचं, हा प्रश्न तिथे अजेंड्यावर पाहिजे.

पहिल्या तासातलं निवेदन कसं असावं? साधारण असं: ‘आज रात्री साडेआठला अमुक भागात दोन गटांत दगडफेक झाली. चार जखमी जिल्हा सामान्य रुग्णालयात आहेत. एका मृत्यूची बातमी फिरते आहे. आम्ही खात्री करतो आहोत, अजून दुजोरा नाही. कारण काय ते आत्ता सांगता येत नाही. अमुक रस्ता बंद आहे, मुलांना घरात ठेवा. रात्रीत आणखी प्रकार होणारच नाही, अशी हमी मी देऊ शकत नाही. पोलीस अमुक ठिकाणी उभे आहेत. मी पुन्हा दहा वाजता बोलेन, नवीन काही नसलं तरी बोलेन.’ हे मराठीत, हिंदीत आणि उर्दूत, एकाच वेळी. इंटरनेट बंद करायचंच असेल, तर आधी हे निघावं, मग ते बंद व्हावं. अमरावती आणि अकोल्याला आकाशवाणीची केंद्रं आहेत, घंटागाड्यांना भोंगे आहेत, मशिदींना आणि मंदिरांना आहेत. रात्री दहाला आणि मग बाराला त्यांतून कोण बोलणार, त्याचं नाव प्रत्येक ठाण्यात आजच लिहून ठेवता येईल.