जुन्या तसबिरींचे माउंट: रंग आणि पुठ्ठा

दिवाळीच्या साफसफाईत आजोबा-पणजोबांच्या तसबिरी भिंतीवरून खाली उतरतात. चौकट बदलायची ठरते, फ्रेमवाला माउंटचा रंग विचारतो आणि उत्तर बहुधा ‘पांढरा शुभ्र’ असे येते. छायाचित्राभोवतीची ही पुठ्ठ्याची खिडकी केवळ शोभेची नसते. चित्र कसे दिसेल, किती टिकेल आणि त्याची ओळख शिल्लक राहील की नाही, हे तिच्यावर बरेच अवलंबून असते.

प्रथम रंगाचा विचार करू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील बहुतेक छायाचित्रे अल्ब्युमेन कागदावर, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या भागाचा थर दिलेल्या पातळ कागदावर छापलेली असत. ही पद्धत १८५० मध्ये फ्रान्सच्या ब्लांकार-एव्हरारने मांडली. हा थर वयानुसार पिवळा पडतो. पुढे जिलेटिनचे कागद आले; त्यांवरील चित्रे बहुधा करड्या-काळ्या छटेची असतात. पिवळसर चित्राला शुभ्र माउंट लावला की धोतर-फेट्याचा पांढरा रंग मळका दिसू लागतो. हा डोळ्यांचा खेळ आहे. गोबलँच्या कारखान्यात रंगविभाग सांभाळणाऱ्या शेवरलपुढे काळे सूत फिके दिसते अशी तक्रार आली, तेव्हा दोष रंगात नसून शेजारच्या रंगात आहे, असे त्याच्या लक्षात आले. या विषयावरचा त्याचा ग्रंथ १८३९ मध्ये प्रसिद्ध झाला.

यावरून एक सोपा नियम निघतो: चित्रातील सर्वांत उजळ जागा शोधावी आणि माउंट तिच्यापेक्षा उजळ घेऊ नये. तपकिरी चित्राला हस्तिदंती किंवा फिकट बिस्किटी, करड्या चित्राला मऊ राखाडी-पांढरा रंग शोभतो. नमुन्याचे तुकडे चित्राशेजारी ठेवून दिवसाच्या उजेडात पाहावेत. दुकानातील दिव्याखाली रंग फसवतो. हाताने रंगवलेल्या चित्रात साडीचा हिरवा रंग उचलून माउंटला देण्याचा मोह होतो. तसे केल्यास नजर चेहऱ्याऐवजी कडेला जाते. शिवाय गडद लाल-निळे रंग पावसाळी दमटपणात उतरण्याची भीती असते.

आता पुठ्ठा. स्वस्त पुठ्ठ्यातील लाकडाच्या लगद्यात लिग्निन असते. काळाच्या ओघात तो आम्लयुक्त होतो आणि खिडकीच्या कडेलगत चित्रावर तपकिरी रेघ उमटते. जुन्या माउंटचा तिरका छेद पिवळा-तपकिरी झालेला दिसला, तर तो बदलायलाच हवा. नवा माउंट कापसाच्या किंवा शुद्ध सेल्युलोजच्या पुठ्ठ्याचा मागावा. त्याच्या जाडीमुळे काच चित्रापासून दूर राहते. अन्यथा कोकणासारख्या दमट हवेत जिलेटिनचा थर काचेला चिकटतो. चित्राला डिंक किंवा चिकटपट्टी लावू नये; कागदी कोपऱ्यांत ते अडकवावे.

सर्वांत मोठे नुकसान मात्र कात्रीने होते. अल्ब्युमेन कागद पातळ असल्याने तो जाड कार्डावर चिकटवत. त्या कार्डावर स्टुडिओचे नाव, गाव, कधी पत्ता छापलेला असतो. मागे कुणी नावे लिहिलेली असतात. चौकटीत बसावे म्हणून कार्ड कापले जाते किंवा माउंटखाली झाकले जाते. चित्रातील माणसांना ओळखणारे घरात कुणी उरले नसेल, तर ते चित्र कोठले आणि साधारण कधीचे, हे सांगणारा तेवढाच पुरावा असतो. म्हणून खिडकी कार्डापेक्षा थोडी मोठी कापावी आणि कार्ड पूर्ण दिसू द्यावे. कार्ड ठिसूळ झाले असले तरी चित्र त्यावरून सोलू नये. ते जाणकार संवर्धकाचे काम आहे.

हार, उदबत्ती आणि ऊन जिथे पोचते तिथे स्कॅन करून काढलेली प्रत लावावी. मूळ चित्र कोरड्या जागी पेटीत ठेवावे. कार्डाच्या मागचा मजकूरही स्कॅन करावा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून नव्या माउंटच्या मागे साध्या पेन्सिलीने नावे लिहावीत, डावीकडून उजवीकडे, नात्यासह.