सातपैकी सहा चुकतात तेव्हा

आपल्या देशात अपघाताची चौकशी सुरू होण्याआधीच निकाल लागलेला असतो. बस उलटली, चालकाची चूक. यंत्रात हात गेला, कामगाराचा निष्काळजीपणा. गटारात माणूस गुदमरला, त्याने मास्क लावला नव्हता. मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही, म्हणून त्याच्या माथी दोष मारणे सर्वांत सोपे. 'मानवी चूक' हे दोन शब्द लिहिले की फाईल बंद होते.

१७ जून २०२४ ची घटना वाचकांना आठवत असेल. पश्चिम बंगालमध्ये रंगापानी स्थानकाजवळ एका मालगाडीने कांचनजंगा एक्स्प्रेसला मागून धडक दिली. मालगाडीचा चालक जागीच ठार झाला. त्याच दिवशी रेल्वे बोर्डाकडून सांगण्यात आले की, मालगाडीच्या चालकाने सिग्नलकडे दुर्लक्ष केले. चालकाचा मृतदेह घरी पोहोचण्याआधी त्याच्यावरचा ठपका देशभर पोहोचला होता.

पुढे रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी तपास केला. या मार्गावरील स्वयंचलित सिग्नल पहाटेपासूनच बिघडले होते. अशा वेळी चालकाला लाल सिग्नल ओलांडण्याची लेखी परवानगी देतात. त्या दिवशी दिलेल्या कागदावर गाडी किती वेगाने न्यायची, हे लिहिलेलेच नव्हते. मग आयुक्तांनी एक साधी गोष्ट केली. सिग्नल बिघडल्यापासून अपघातापर्यंत या मार्गावर किती गाड्या शिरल्या आणि प्रत्येक चालक कसा वागला, हे मोजले. एकूण सात गाड्या होत्या. ताशी १५ किलोमीटरपेक्षा जास्त वेग ठेवायचा नाही आणि प्रत्येक बिघडलेल्या सिग्नलपाशी एक मिनिट थांबायचे, हा नियम पाळणारी गाडी फक्त एक निघाली. बाकीच्या सहा गाड्यांनी तो पाळला नाही. आणि नियम पाळणारी ती एकमेव गाडी होती कांचनजंगा एक्स्प्रेस, जिला मागून धडक बसली!

एक चालक चुकला असता तर त्याला दोषी म्हणता आले असते. सातपैकी सहा चुकले, तर सहाही जण एकाच सकाळी बेफिकीर झाले असे म्हणायचे काय? हा कागद हातात आल्यावर नेमके काय करायचे, हे चालकांना स्पष्ट नव्हते, असा निष्कर्ष अहवालाने काढला. स्टेशनमास्तर आणि चालकांना पुरेसे प्रशिक्षण दिले गेले नव्हते, हेही नोंदवले. केवळ एका मोजणीने दोष मृत माणसाच्या माथ्यावरून उतरून व्यवस्थेच्या दारात गेला.

अशी मोजणी करणे हे एक शास्त्र आहे, आणि त्यात आयुष्यभराचे करिअर करता येते. आज आम्ही त्याविषयी लिहीत आहोत. दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांत डॉक्टर, इंजिनिअर आणि स्पर्धा परीक्षा यांपलीकडे चर्चा जात नाही. 'ह्यूमन फॅक्टर्स' हे नाव तर आपल्या घरांत कोणी ऐकलेलेही नसते. माणूस, त्याच्या हातातले साधन आणि त्याच्यावर लादलेला नियम यांचा मेळ बसतो की नाही, हे तपासणारे हे शास्त्र. हेच शास्त्र 'अर्गॉनॉमिक्स' या नावानेही ओळखले जाते. माणसांच्या वागण्याची आकड्यांत नोंद घ्यायची आणि संख्याशास्त्राने तिचा अर्थ लावायचा, हा या कामाचा कणा.

या शास्त्राचा जन्म मुख्यतः युद्धात झाला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ जातीची विमाने सुखरूप उतरल्यानंतर धावपट्टीवरच पोटावर बसत. चालकाने भलतीच कळ दाबून चाके आत ओढून घेतलेली असत. शेरा ठरलेला, 'वैमानिकाची चूक'. अल्फॉन्स चॅपानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने विमानात जाऊन पाहिले. चाकांची कळ आणि पंखांच्या झडपांची कळ एकमेकींच्या शेजारी आणि दिसायला हुबेहूब सारख्या! त्याने चाकांच्या कळीला चाकासारखा आणि झडपांच्या कळीला पाचरीसारखा आकार दिला, म्हणजे अंधारात नुसत्या स्पर्शाने फरक कळावा. विमानातील चाकांच्या दांड्याला आजही चाकाचाच आकार असतो.

१९४७ साली पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी 'वैमानिकाची चूक' म्हणून सांगितले गेलेले ४६० प्रसंग गोळा करून त्यांची वर्गवारी केली. त्यांतले जवळजवळ निम्मे प्रसंग एक कळ समजून दुसरीच ओढल्याचे निघाले. इतकी माणसे एकाच प्रकारे चुकत असतील तर माणसे बदलून उपयोग नाही, कळ बदलली पाहिजे, हा धडा जगाला तेथून मिळाला.

दुसरा धडा त्याहून मोलाचा आहे. १९५० मध्ये अमेरिकन हवाई दलाने चार हजारांहून अधिक वैमानिकांची मापे घेतली. सरासरी माप काढायचे आणि त्यावरून विमानातली बैठक बनवायची, असा विचार होता. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकाने उंची, छाती, हाताची लांबी अशी दहा मापे निवडली आणि ४,०६३ वैमानिकांपैकी किती जण या दहाही मापांत सरासरीच्या आसपास बसतात, हे मोजले. उत्तर आले शून्य! ज्या सरासरी माणसासाठी सारी व्यवस्था बांधायची होती, तो अस्तित्वातच नव्हता. मग माणसाला बैठकीत कोंबण्याऐवजी बैठक मागेपुढे, वरखाली करता येईल अशी बनवण्याची मागणी झाली. आज मोटारीत सीट सरकवून बसणारा प्रत्येक जण याच विचाराचा लाभार्थी आहे.

आता आपल्याकडे पाहू. मोजले कोणाला जाते आणि मोजायचे राहून कोण जाते? पहाटे रस्ता झाडणारी आमची आई-बहीण आखूड दांड्याच्या झाडूने तासन् तास कमरेत वाकून झाडते. त्या दांड्याची लांबी कोणी ठरवली? घंटागाडीत कचरा ओतण्यासाठी किती उंच उचलावा लागतो, हे ठरवताना उचलणाऱ्याच्या खांद्याची उंची कोणी मोजली होती? वैमानिकाची बैठक ठरवायला चार हजार माणसे मोजली जातात. झाडूवालीसाठी किती मोजली?

गटारातील मृत्यूंचेच घ्या. २०२२ आणि २०२३ मधील अशा मृत्यूंचे केंद्र सरकारने सामाजिक लेखापरीक्षण करवून घेतले. २०२५ मध्ये संसदेत सांगण्यात आले की, तपासलेल्या ५४ मृत्यूंपैकी ४९ जणांच्या अंगावर कोणतेही संरक्षक साधन नव्हते. ५४ पैकी ४९! रंगापानीचा हिशेब येथे लावून पाहा. इतकी माणसे एकाच प्रकारे मरतात, तेव्हा 'त्याने मास्क लावला नव्हता' हे वाक्य टिकत नाही. मास्क होता कोठे? उतरायला सांगितले कोणी? हाताने मैला साफ करण्याविरुद्धचा कायदा १९९३ चा, त्याहून कडक कायदा २०१३ चा. तरीही दरवेळी दोष मरणाऱ्याचा, कारण आकडे हातात घेऊन प्रतिप्रश्न करणारा माणूस चौकशीच्या टेबलावर नसतो. तेथे आपली मुले बसली पाहिजेत, एवढ्यासाठी हा लेख.

हे काम करणारा नेमके काय करतो? आधी तो कामाच्या जागी जाऊन तासन् तास पाहतो. कोण कोठे अडखळतो, कोणती पायरी गाळतो, किती वेळाने थकतो, याची नोंद ठेवतो. मग प्रश्नावली करतो, प्रयोग मांडतो, आकडे संगणकात भरतो आणि दिसलेला फरक खरा की योगायोगाचा, हे संख्याशास्त्राने तपासतो. शेवटी अहवाल लिहितो आणि तो साहेबाच्या तोंडावर मांडतो. यासाठी मानसशास्त्र, संख्याशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, अभियांत्रिकी किंवा डिझाइन, यांपैकी कोणत्याही वाटेने येता येते. 'आर' आणि 'पायथन' या संगणकप्रणाली फुकट मिळतात. कला शाखेच्या मुलीनेही गणिताची भीती सोडली तर तिला हे जमते. कारण येथे पाठांतरापेक्षा पाहण्याची आणि ऐकण्याची शिस्त जास्त लागते.

दारे कोणती? पवईच्या आयआयटीतील १९६९ साली सुरू झालेले डिझाइन केंद्र आणि अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था. आयआयटीच्या डिझाइन प्रवेशासाठी पदवीनंतर 'सीड' आणि बारावीनंतर 'यूसीड' परीक्षा असते. कामाच्या ठिकाणच्या आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था अहमदाबादला, केंद्रीय श्रम संस्था मुंबईत शीव येथे. लखनौच्या रेल्वे संशोधन संस्थेत तर चालकांच्या मानसिक चाचण्यांचा स्वतंत्र विभागच आहे. परदेशात शिकायचे तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, पीएच.डी.साठी बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे. अर्ज वेळेत भरा, कागदपत्रे आधीच तयार ठेवा.

खोटे चित्र आम्ही रंगवणार नाही. या विषयाची पुस्तके बहुतेक इंग्रजीत आहेत. सरकारी जागा थोड्या आहेत. बऱ्याच नोकऱ्या मोबाइल आणि संगणकाच्या कंपन्यांत मिळतात, तेथे लोकांचे बोट पडद्यावर कोठे थांबते हे मोजण्यातच दिवस जातो. दुसरा धोका त्याहून मोठा. हेच मोजमाप कामगाराच्या विरोधातही वापरता येते. घड्याळ लावून माणसाकडून जास्त काम पिळून घ्यायचे, की त्याच घड्याळाने त्याचा थकवा सिद्ध करायचा, हे घड्याळ कोणाच्या हातात आहे त्यावर ठरते.

पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या दारूगोळा कारखान्यांत एच. एम. व्हर्नन यांनी कामाचे तास आणि उत्पादन यांची मोजणी केली. तास कमी केल्यावर काही कामांत एकूण उत्पादन घटण्याऐवजी वाढले, हे त्यांनी आकड्यांनी दाखवले. आपल्या देशात कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला, तो १९४६ च्या कायद्याने. तो आणला व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असलेल्या बाबासाहेबांच्या खात्याने. अर्थशास्त्राचा आणि आकड्यांचा गाढा अभ्यास असलेला माणूस त्या खुर्चीवर होता, हे विसरून चालणार नाही. नुसत्या कळवळ्याने कायदे होत नसतात, त्यासाठी हिशेब मांडावा लागतो.

म्हणून आमचे पालकांना सांगणे आहे. तुमची मुलगी घरी आल्यावर विचारत असेल, "बाबा, तुमच्या खात्यात सगळ्यांचीच पाठ दुखते का, की फक्त तुमची?" तर तिला गप्प बसवू नका. हा या शास्त्रातला पहिला प्रश्न आहे. तिच्या हाती वही द्या. खात्यात माणसे किती, पाठ कितींची दुखते, हे तिला लिहून काढू द्या. रंगापानीच्या मृत चालकाची बाजू मांडायला त्या दिवशी कोणी नव्हते. पुढे ती मांडली सात या आकड्याने. असे आकडे गोळा करणारी माणसे आपल्या घरांतून निघाली, तर उद्या गटाराच्या तोंडाशी पडलेल्या देहावर दोषाचा शिक्का मारण्याआधी चौकशी करणाऱ्याला दहादा विचार करावा लागेल.