चित्रेच्या खुंटीला बांधलेले पंचांग

संक्रांत आली की वाचकांचा एक प्रश्न हमखास येतो. सूर्य २२ डिसेंबरच्या सुमारास उत्तरेकडे वळतो, मग तिळगूळ १४ जानेवारीला का? याचे उत्तर कन्या राशीत, चित्रा ताऱ्यापाशी आहे.

एप्रिलच्या रात्री सप्तर्षींच्या शेपटीची कमान तशीच पुढे न्या. आधी नारिंगी स्वाती लागेल, मग निळसर पांढरी चित्रा. चैत्री पौर्णिमेचा चंद्र हिच्याच आसपास असतो, म्हणून तर महिन्याचे नाव चैत्र! तिचा आज दिसणारा प्रकाश पेशवाईत निघालेला आहे. शिवाय ती एकटी नाही. १८९० मध्ये जर्मनीत खगोलशास्त्रज्ञ फोगेलला तिच्या वर्णपटातल्या रेषा मागेपुढे सरकताना दिसल्या. तिथे दोन तारे अवघ्या ४ दिवसांत एकमेकांभोवती फिरतात.

पण चित्रेची खरी थोरवी त्याहून जुनी आहे. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकात ग्रीक खगोलशास्त्रज्ञ हिप्पार्कसने शरद संपातापासून, म्हणजे शरदात दिवस-रात्र समान असताना सूर्य जिथे असतो त्या बिंदूपासून, तिचे अंतर मोजले, ते भरले ६ अंश. त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी टिमोकॅरिसला ते ८ अंश मिळाले होते. जुन्याचे मोजमाप चुकले, असे म्हणून मोकळे होणे किती सोपे होते! हिप्पार्कसने जुन्या नोंदीवर विश्वास ठेवला आणि संपातच सरकतो हे ओळखले. कारण पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो. २ अंशांना सुमारे १४४ वर्षे लागतात.

उत्तरायण संपाताशी बांधलेले, आपल्या राशी ताऱ्यांशी; आणि संक्रांत म्हणजे सूर्याचा मकर राशीत प्रवेश. दोहोंतले अंतर म्हणजे अयनांश. तो आता सुमारे २४ अंश झाला आहे आणि सूर्य रोज जेमतेम १ अंश चालतो. संक्रांत मागे पडली ती यामुळे.

मात्र राशीचक्राचा आरंभ धरायचा कुठे? लोकमान्य टिळकांचा कौल रेवती नक्षत्राच्या योगताऱ्याला, म्हणजे मुख्य ताऱ्याला होता. व्यंकटेश बापूजी केतकरांनी चित्रेच्या बरोबर समोरचा, १८० अंशांवरचा बिंदू धरला. दोन्हींत सुमारे ४ अंशांचा फरक पडतो, म्हणून टिळक पंचांगातली संक्रांत चार दिवस आधी येते. मला केतकरांचेच पटते. रेवतीचा तो तारा इतका मंद आहे की शहरातून दिसतही नाही. चित्रा कोणालाही दाखवता येते.

१९५२ मध्ये नेमलेल्या मेघनाद साहांच्या पंचांग समितीनेही चित्रेचाच पक्ष घेतला. तो अयनांश आज समितीचे सचिव लाहिरी यांच्या नावाने ओळखला जातो. केतकर १९३० मध्येच गेले होते. त्या नावात त्यांचाही वाटा असायला हवा.