पेन ड्राइव्हचा ना हरकत दाखला

झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट निघाली, पैसे दिले, मागे रांग वाढलेली. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातल्या चिन्हावर जाऊन आपण 'इजेक्ट' दाबतो, तर संगणक सांगतो की हे उपकरण अजून वापरात आहे, ते वापरणारे प्रोग्रॅम बंद करा आणि पुन्हा प्रयत्न करा. समोर तर एकही फाइल उघडी दिसत नाही. मग 'जाऊ दे' म्हणत आपण ड्राइव्ह उपसतो. बहुतेक वेळा काही बिघडत नाही, म्हणून सवय पक्की होते. बिघडतं तेव्हा मात्र नेमकी हवी तीच फाइल उघडत नाही.

संगणक उगाच अडवत नसतो. ड्राइव्ह सोडायला कुणीतरी हरकत घेतलेली असते. ती कुणाची, हे शोधायचं कसं ते पाहू.

कच्ची वही आणि खतावणी

गिऱ्हाइकांची गर्दी असली की वाणी उधारी कच्च्या वहीत टिपतो आणि निवांत झाल्यावर खतावणीत उतरवतो. संगणकही असंच करतो. पेन ड्राइव्हवर लिहिणं सावकाश चालतं, म्हणून मजकूर आधी मेमरीत ठेवून नंतर ड्राइव्हवर उतरवता येतो. 'कॉपी झाली' असं दिसलं तरी थोडं लिखाण मागे उरलेलं असू शकतं.

ऑक्टोबर २०१८च्या सुमारास आलेल्या विंडोज १०च्या १८०९ या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने बाहेरून जोडायच्या ड्राइव्हसाठी 'क्विक रिमूव्हल' हे धोरण मूळ सेटिंग म्हणून ठेवलं. त्यात ही कच्ची वही जवळजवळ बंद होते. तरी लिखाण चालू असताना ड्राइव्ह ओढणं सुरक्षित होत नाही. फाइलचा मजकूर एका जागी असतो आणि तो कुठे आहे याची नोंद दुसऱ्या जागी. पेन ड्राइव्हवर सहसा असणाऱ्या फॅट३२ आणि एक्सफॅट या पद्धतींत अर्धवट राहिलेली नोंद सावरायला रोजकीर्द नसते. हार्ड डिस्कवरच्या एनटीएफएसमध्ये ती असते.

शिवाय ड्राइव्हच्या पोटात स्वतःची एक चिप असते. फ्लॅश मेमरी एकेक अक्षर पुसू शकत नाही, मोठे ठोकळेच पुसते. त्यामुळे ही चिप मजकूर इकडून तिकडे हलवत असते आणि कुठे काय ठेवलं याचा तक्ता सांभाळते. नेमक्या त्याच क्षणी वीज गेली, तर क्वचित अख्खा ड्राइव्हच ओळखू येईनासा होतो.

चालू संगणकातून ड्राइव्ह काढण्याला विजेच्या दृष्टीने हरकत नाही. नेहमीच्या चपट्या यूएसबी प्लगमध्ये विजेच्या दोन पट्ट्या डेटाच्या पट्ट्यांपेक्षा मुद्दाम लांब ठेवलेल्या असतात, म्हणजे वीज आधी जोडली जाते आणि शेवटी सुटते. अडचण असते ती अर्धवट हिशेबाची.

हरकत कुणाची?

'इजेक्ट' दाबलं की विंडोज त्या ड्राइव्हशी संबंध असलेल्या सगळ्यांना विचारतं: आम्ही याला सोडू का? सगळ्यांचा ना हरकत दाखला मिळाला, तर उरलेलं लिखाण पुरं होतं आणि ड्राइव्ह मोकळा होतो. एकानेही नकार दिला की काम थांबतं. तेव्हा सोप्यापासून सुरुवात करू.

१. थांबा. ड्राइव्हचा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे. अँटिव्हायरस तपासणी करत असेल, तर मिनिटभराने पुन्हा 'इजेक्ट' दाबा.

२. फाइल बंद करून भागत नाही, प्रोग्रॅमच बंद करा. बरेच प्रोग्रॅम 'ओपन' किंवा 'सेव्ह'च्या चौकटीतून ज्या फोल्डरमध्ये गेले, त्यालाच आपलं चालू फोल्डर मानून बसतात. फाइल मिटली तरी त्यांचं बोट ड्राइव्हवरच असतं. वर्ड, पीडीएफ वाचक, व्हिडिओ प्लेअर हे नेहमीचे यशस्वी.

३. ड्राइव्ह दाखवणाऱ्या एक्सप्लोररच्या खिडक्या मिटा. प्रिव्ह्यू पेन चालू असेल तर निवडलेली फाइल तिथेही उघडी असते. कमांड प्रॉम्प्ट, डिस्क मॅनेजमेंट आणि कधीकधी चक्क टास्क मॅनेजरसुद्धा ड्राइव्ह धरून ठेवतो.

४. तरीही नकार आला, तर नाव शोधा. स्टार्टवर राइट क्लिक करून 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडा, 'विंडोज लॉग्ज'मधल्या 'सिस्टीम'वर जा आणि 'कर्नल-पीएनपी'ची २२५ क्रमांकाची ताजी नोंद पाहा. ड्राइव्ह काढणं कुठल्या प्रोग्रॅमने रोखलं, ते त्यात नाव आणि प्रोसेस क्रमांकासह लिहिलेलं असतं. तो क्रमांक ४ असेल, तर अडवणारा एखादा साधा प्रोग्रॅम नसून खुद्द 'सिस्टीम' आहे.

५. दुसरी वाट 'रिसोर्स मॉनिटर'ची. त्यातल्या 'सीपीयू' पानावर 'असोसिएटेड हँडल्स'च्या शोधचौकटीत ड्राइव्हचं अक्षर आणि कोलन टाका. त्यावरच्या उघड्या फाइली कुणाच्या हातात आहेत, त्याची यादी मिळते. ओळखीचा प्रोग्रॅम दिसला तर तो रीतसर बंद करा. अनोळखी नाव टास्क मॅनेजरमधून उडवण्याची घाई करू नका.

६. साइन आउट करून पुन्हा आत या. तुमच्या नावाने चाललेले प्रोग्रॅम त्यात बंद होतात आणि अनेकदा एवढ्यावर भागतं.

७. शेवटचा उपाय, संगणक बंद करून ड्राइव्ह काढणं. मात्र विंडोज ८पासून आलेलं 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल, तर 'शट डाउन'मध्ये सिस्टीमची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि ती पूर्ण बंद होत नाही. शिफ्ट दाबून धरत 'शट डाउन' निवडलं, की ती पूर्ण बंद होते.

मॅकवर आणि लिनक्सवर हाच प्रश्न 'एलसॉफ' या आज्ञेला विचारता येतो. कुठल्या फाइली कुणी उघडल्या आहेत, ते ती सांगते.

आधीच उपसला असेल तर

पुढच्या वेळी ड्राइव्ह लावल्यावर दुरुस्तीची सूचना आली, तर आधी वाचता येतील तेवढ्या फाइली संगणकावर उतरवून घ्या. मग ड्राइव्हवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज', 'टूल्स' या वाटेने तपासणी चालवा. दुरुस्ती करताना संगणक नोंदी जुळवतो, पण अर्धवट लिहिला गेलेला मजकूर त्याला परत आणता येत नाही. म्हणून आधी प्रत, मग दुरुस्ती. ड्राइव्ह 'फॉरमॅट' करायला सांगितलं आणि आतलं काही हवं असेल, तर नाही म्हणा.

झेरॉक्सच्या दुकानात इव्हेंट व्ह्यूअर उघडायला कुणी वेळ देणार नाही. तिथे प्रिंट झाल्यावर प्रोग्रॅम मिटायला सांगा, दिवा स्थिर होईपर्यंत थांबा आणि पुन्हा 'इजेक्ट' दाबा. नाहीच सुटला आणि ओढावा लागला, तरी जीव टांगणीला लागू नये, अशी सोय घरूनच करून निघा. पेन ड्राइव्ह ही नेआण करायची पिशवी आहे. कागदाची एकुलती एक प्रत तिच्यात घालून घराबाहेर पडू नये.